मांड : एका जुन्या मोटारीच्या बैठकीचा शोध

आमच्या वाशीतल्या सोसायटीत १९५१ सालची एक एमजी टीडी आहे. गडद हिरव्या रंगाची, दोन माणसांची, कापडी टपाची. तिच्या मालकांना इमारतीत सगळे अण्णा म्हणतात. वय ७४. गेल्या वर्षी त्यांच्या डाव्या खुब्याचा सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया झाली. चार महिन्यांनी चालणे सुधारले, काठी सुटली, गाडी चालवायलाही परवानगी मिळाली. अट एकच होती : गुडघे खुब्याच्या वर येतील अशा खोल बैठकीवर बसायचे नाही. एमजीत बसले की नेमके तेच होते.

अण्णांपुढे त्यामुळे पेच पडला. बैठक आहे तशी ठेवली तर गाडी विकायची, नाहीतर तिच्यावर आच्छादन घालून ती नुसती बघायची. बैठक बदलली तर तिचे मूळपण जाणार, आणि जुन्या वाहनांसाठीच्या नव्या नोंदणीचा अर्ज तर त्यांनी भरून ठेवला होता. एका संध्याकाळी ते घरी आले. म्हणाले, "तुम्ही जुनी कागदपत्रं चाळत असता. कारखान्यातून निघाली तेव्हा हिची बैठक नेमकी कशी होती, तेवढं शोधून द्या. आधी ती तशी करून घेतो. मग बसता येतं का नाही ते बघू."

मी मोटारींचा जाणकार नाही. माझा रस मुंबईच्या जुन्या कारागिरीत, आणि तोही हौसेने वाचत-विचारत वाढलेला. पण या कामाने मला जिकडे नेले ते मोटारीपुरते राहिले नाही, म्हणून हा लेख.

घोडा तोच, रिकीब वेगळी

घोडेस्वाराच्या बसण्याला मराठीत 'मांड' हा शब्द आहे. मांड पक्की असली की स्वार घोड्याचा होतो आणि घोडा स्वाराचा. तिच्यासाठी घोडा कापावा लागत नाही. रिकिबीचा पट्टा दोन भोके वर किंवा खाली घेतला की उंच स्वाराचा घोडा बुटक्या स्वाराला चालतो. मोटार आली तेव्हा ही सोय मागे पडली. पहिल्या मोटारी म्हणजे घोडा काढून घेतलेल्या बग्ग्याच होत्या. त्यांच्या चालकाची बैठकही कोचमनची : उंच, ताठ, आणि सगळ्यांसाठी एकच. १९०४ च्या डिसेंबरात दिल्लीहून मुंबईकडे मोटारींची जी पहिली मोठी चाचणी-दौड निघाली, तिच्यातले चालक असेच उंचावर, वाऱ्या-धुळीत बसून आले असणार.

बैठक ताठ असण्याला यांत्रिक कारणही होते. सुकाणूला कसलीच मदत नसे. पुढची चाके वळवायची ती खांद्याच्या जोराने. म्हणून चाक मोठे, जवळजवळ उभे आणि छातीलगत. चालक त्याच्यावर ओणवा होऊन ते ओढत असे. जे. आर. डी. टाटांनी तरुणपणी मुंबईत जी बुगाटी पळवली, ती त्याच घराण्यातली. हात कोपरात दुमडलेले, बाजूला कोपरे बाहेर काढायला जागा.

कोपरांची ही जागा एमजीच्या रूपातच दिसते. एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस, मूळ ऑक्सफर्डचे. कारखाना पुढे ॲबिंग्डनला गेला. तिथे युद्धानंतर, १९४५ पासून, टीसी नावाची मोटार तयार होऊ लागली. चार वर्षांत अशा सुमारे १०,००० गाड्या झाल्या आणि सगळ्या उजव्या हाताच्या. तिच्या मागोमाग १९४९ च्या अखेरीस टीडी आली. १९५३ पर्यंत २९,६६४ टीडी निघाल्या आणि त्यांतल्या बहुसंख्य अमेरिकेला गेल्या. या गाड्यांच्या दाराचा वरचा काठ मध्येच खोलगट कापलेला असतो. छायाचित्रात तो नखरा वाटतो. प्रत्यक्षात चाक इतके जवळ असते की ते फिरवताना कोपर दाराबाहेर न्यावे लागते, आणि त्या कोपरासाठी तो काप आहे.

टीडीत पुढच्या चाकांना स्वतंत्र स्प्रिंगा आल्या, आणि सुकाणूला दातेरी पट्टीची हलकी यंत्रणा. चाक वळवायला पूर्वीइतका जोर लागेनासा झाला. बैठक मात्र जुन्याच वळणाची राहिली : बुडाखालच्या गाद्या दोघांच्या वेगळ्या, पण पाठ दोघांत मिळून एकच. चालकाने पाठ पुढे घेतली की शेजारच्याची पाठही पुढे येते. नवरा उंच, बायको बुटकी असेल तर प्रवासात एकाला अवघडून बसणे आलेच. वेगवेगळ्या खुर्च्या मिळाल्या त्या पुढच्या टीएफमध्ये, १९५३ साली. टीडीला एक सोय मात्र होती. सुकाणूचा दांडा एक पकड सैल करून आत-बाहेर सरकवता येत असे. माझ्या मते त्या गाडीतली ती एकमेव रिकीब.

हात लांब, पाय आखूड

पन्नासच्या दशकात मोटार चालवण्याची ढबच बदलली. १९५० साली मोटार शर्यतींची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा सुरू झाली आणि पहिले अजिंक्यपद इटलीच्या ज्युसेप्पे फारिनाने जिंकले. तो चाकापासून लांब बसे. पाठ मागे रेललेली, हात जवळजवळ सरळ. बघणाऱ्याला वाटे, हा गाडी ओढत नाही, नुसती धरून आहे. त्याची ढब पाहून स्टर्लिंग मॉसनेही तशी बैठक घेतली असे सांगतात. १९६२ मध्ये कॉलिन चॅपमनने लोटस २५ आणली. तिच्यात चालक जवळजवळ आडवाच पहुडलेला असे, कारण गाडी जितकी बुटकी तितका वाऱ्याचा विरोध कमी. जिम क्लार्कने १९६३ चे अजिंक्यपद तिच्यातच जिंकले. सरळ हात ही मग फॅशन झाली. ज्यांना शर्यतीशी कर्तव्य नव्हते तेही चाकापासून लांब बसू लागले.

सर्वसाधारण मोटारींत याच काळात उलट्या तऱ्हा दिसतात. मिनीचा कर्ता ॲलेक इसिगॉनिस तर म्हणे, चालकाला थोडी गैरसोय असलेली बरी, त्याने तो जागा राहतो. इटालियन गाड्यांची ख्याती अशी की त्या हात लांब आणि पाय आखूड असलेल्या माणसासाठी बनवल्या आहेत : चाक लांब आणि आडवे, पायपट्ट्या अगदी जवळ. ही ख्याती मुंबईकरांना वेगळी सांगायला नको. चार पिढ्या आपण एका इटालियन गाडीत बसलो आहोत.

सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना कुर्ल्याला उभा केला. १९४७ साली तिथून पहिल्या गाड्या बाहेर पडल्या, त्या अमेरिकी क्रायसलरच्या परवान्यावरच्या. फियाट पन्नासच्या दशकात आली. १९६४ ला 'डिलाइट' आणि सत्तरच्या दशकात 'पद्मिनी' अशी नावे तिला मिळाली. इंजिन १,०८९ घनसेंटिमीटरचे. गिअर सुकाणूच्या दांड्यावर, पुढची बैठक बाकासारखी सलग. गिअर खाली नसल्याने पुढे तिघे दाटीने बसत, आणि म्हणून ती कुटुंबाला सोयीची.

त्याच सुमारास धोरणही बदलले. टॅरिफ कमिशनच्या १९५३ च्या अहवालानंतर, ज्यांच्याकडे देशातच सुटे भाग बनवण्याचा कार्यक्रम नव्हता त्यांचे जोडणीचे कारखाने बंद झाले. १९२८ पासून मुंबईत शिवडीला गाड्या जोडणारी जनरल मोटर्स गेली, फोर्डही गेली. नव्या परदेशी स्पोर्ट्स कारचा दरवाजा जवळजवळ मिटला. आधी आलेल्या मूठभर एमजी, ट्रायम्फ, जॅग्वार तेवढ्या शहरात उरल्या आणि हातोहाती फिरत राहिल्या. युरोपात स्पोर्ट्स कार जुनी झाली की माणूस नवी घेई. मुंबईत ते शक्य नव्हते. तेव्हा गाडी माणसाला बसेल अशी करून घ्यावी लागे. ज्यांना तीही परवडत नसे ते फियाटवर हौस भागवत. जुहूच्या धावपट्टीवर, मद्रासजवळच्या शोलावरमला शर्यती भरत. तिथे जाणाऱ्यांच्या फियाटमधले बाक निघे, गोल कडांच्या 'बकेट' खुर्च्या येत, गिअरचा दांडा कापून जमिनीवर आणला जाई. ही कामे करणारे फिटर, वेल्डर, सीटवाले कुर्ला, ग्रँट रोड, ऑपेरा हाउसच्या गल्ल्यांत होते. त्यांनी काही लिहून ठेवले नाही. कारखान्याचे नकाशे सापडतात, मोटारींची मासिके सापडतात. खुर्ची कोणासाठी किती इंच पुढे घेतली, हे कुठल्याच कागदात सापडत नाही.

भोकांच्या तीन ओळी

टीडीच्या मूळ बैठकीची माहिती मिळवणे फारसे अवघड नव्हते. जुन्या पुस्तिका, सुट्या भागांच्या याद्या आणि परदेशी शौकिनांनी घेतलेली मापे जुळवली तेव्हा आठवड्याभरात एक चित्र तयार झाले. ते घेऊन मी आणि अण्णा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या एका सीटवाल्याकडे गेलो. साठीचे गृहस्थ. वडिलांपासून हेच काम. मी कागद पुढे केला. त्यांनी तो बघितला, बाजूला ठेवला आणि अण्णांना म्हणाले, "साहेब, गाडीचं माप नंतर. आधी तुम्ही बसा."

अण्णा त्यांच्या दुकानातल्या एका उघड्या सांगाड्यावर बसले. उस्तादांनी टेप काढला : कुल्ल्यापासून गुडघ्याच्या खाचेपर्यंत, खाचेपासून टाचेपर्यंत, बसल्या जागेपासून खांद्यापर्यंत. मग हात पुढे करायला सांगून मनगटापर्यंत. चाकाचा वरचा काठ मनगटाखाली यायला हवा, बोटांखाली नव्हे, हे त्यांनी मला समजावले. बोटे जेमतेम पोचत असतील तर वळणावर खांदा पाठीपासून सुटतो. तसेच क्लच तळापर्यंत दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. पाय पूर्ण ताठ झाला तर जोर कमरेवर येतो.

दुसऱ्या रविवारी ते वाशीला आले आणि गाडीतली बैठक उचलली. टीडीचा सांगाडा ॲश लाकडाचा असतो आणि तळाला प्लायवूडच्या फळ्या. चालकाच्या बाजूची फळी वर्षानुवर्षांच्या तेलाने काळी पडली होती. उस्तादांनी ती पुसली आणि मला खाली वाकायला लावले. फळीला भोकांच्या तीन ओळी होत्या.

पहिल्या ओळीची भोके स्वच्छ, एकसारखी, काठ न फाटलेली. माझ्या कागदावरच्या मापाशी ती जुळत होती. ती कारखान्याची. दुसरी ओळ तिच्या पुढे, सुमारे दोन इंचांवर. भोके थोडी तिरकी, कडांना लाकूड उचकटलेले. गिरमिटाने पाडलेली, असे उस्ताद म्हणाले. तिसरी पहिल्याच्या मागे, दीड इंचावर. ती विजेच्या ड्रिलची, पण चारातले एक भोक चुकून दोनदा पाडलेले.

अण्णा काही वेळ बोलले नाहीत. मग घरात गेले आणि एक छायाचित्र घेऊन आले. वरळीचा समुद्रकिनारा असावा. चाकामागे त्यांची आई, अंगावर पाचवारी, केसांना रुमाल. वडिलांनी ही गाडी १९५८ साली कोणाकडून तरी जुनी घेतली. त्यांना स्वतःला चालवायचा फारसा नाद नव्हता. चालवायच्या त्या आईच. हे छायाचित्र मी पूर्वीही पाहिले होते आणि हौशी फोटोपलीकडे त्याची किंमत केली नव्हती. आता नीट बघितले तेव्हा तिच्या पाठीमागे एक छोटा लोड दिसला, फुलांच्या अभ्र्याचा. बसण्याची गादीही शेजारच्या रिकाम्या गादीपेक्षा बोटभर उंच. म्हणजे दुसरी ओळ तिची. उंची पाच फुटांच्या आत. दोन इंच पुढे सरकूनही पाठ टेकत नव्हती, म्हणून लोड.

"आणि तिसरी?" मी विचारले.

अण्णा हसले. "ती माझी. पंचाहत्तर साली. मासिकांत फोटो बघायचो ना, हात सरळ करून बसलेले. आई ओरडली होती, तिला क्लच पोचेना. मग एक आठवडा तिची, एक आठवडा माझी, असे बोल्ट काढत-घालत होतो. पुढे तिनं चालवणंच सोडलं."

शेवटचे वाक्य त्यांनी सहज म्हटले, पण तोवर त्यांना स्वतःला ते कधी जाणवले नसावे. १९७५ साली एका तरुणाने फळीला चार भोके पाडली आणि त्याची आई गाडी चालवायची थांबली. दुसरी कारणे असतीलही. तरी ते चुकलेले पाचवे भोक बघताना मला अवघडल्यासारखे झाले, आणि अण्णांनाही झाले असावे. त्यांनी फोटो पाकिटात न घालता डॅशबोर्डवर ठेवला.

सरासरी माणूस नावाचा कोणी नाही

तीन ओळी म्हणजे एकाच घरातली तीन शरीरे. मग कारखान्याने पहिली ओळ कोणाच्या शरीरावरून आखली? अशा प्रश्नांची पहिली शास्त्रीय झडती विमानांच्या बाबतीत झाली. १९५० च्या सुमारास अमेरिकी हवाई दलाने आपल्या ४,०६३ वैमानिकांची मापे घेतली. ती तपासणाऱ्या गिल्बर्ट डॅनियल्स या तरुण अधिकाऱ्याने त्यांतली दहा मापे निवडली आणि दहाही मापांत सरासरीच्या आसपास असणारे किती वैमानिक आहेत ते मोजले. एकही निघाला नाही. कोणाचे हात सरासरी तर पाय लांब, कोणाची छाती सरासरी तर मान आखूड. सरासरी माणसासाठी बनवलेली बैठक म्हणजे कोणासाठीच न बनवलेली बैठक. १९५२ साली त्याचा अहवाल निघाला. पुढे सरकणाऱ्या खुर्च्या, मागेपुढे होणाऱ्या पायपट्ट्या यांच्यावर भर आला तो अशा अभ्यासांतून. मोटारींच्या जगात साठच्या दशकात बैठक मोजण्यासाठी एक प्रमाण पुतळाही ठरला. तो बसवून त्याच्या खुब्याचा बिंदू कुठे येतो ते पाहायचे आणि बाकी सगळी अंतरे तिथून मोजायची. खुबा हाच बैठकीचा केंद्रबिंदू. अण्णांचा प्रश्नही तिथेच सुरू झाला होता.

आपल्याकडे मोटारींच्या चाचण्यांसाठी पुण्याला १९६६ साली एआरएआय ही संस्था उभी राहिली. मात्र भारतीय शरीरांची मापे रचनाकारांच्या हाती पुस्तकरूपाने पडायला बराच काळ गेला. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने देबकुमार चक्रवर्ती यांचे ते संकलन १९९७ मध्ये प्रसिद्ध केले. तोवर पद्मिनीचे उत्पादन संपत आले होते. अखेरच्या वर्षांत कंपनीने स्वतःच गिअर जमिनीवर आणला आणि सुट्या खुर्च्या दिल्या. गल्लीतल्या फिटरांनी जे वीस-पंचवीस वर्षे आधी केले होते, ते कारखान्याने शेवटी केले.

मधल्या काळात लोकांनी आपापली रिकीब शोधली. टॅक्सीवाल्यांनी सर्वांत जास्त शोधली, कारण दहा-बारा तास त्याच बाकावर काढायचे त्यांनाच होते. कमरेशी घडी घातलेला टॉवेल, पाठीला लाकडी मण्यांची जाळी, बाकाच्या पुढच्या काठाखाली सरकवलेली फळी, चाकावर गुंडाळलेले रेक्झिन : दर टॅक्सीत हे थोड्याफार फरकाने दिसे. शर्यतवाल्याने महागडी खुर्ची लावून जे साधले, तेच टॅक्सीवाल्याने टॉवेलने साधले. पहिल्याला आपण सुधारणा म्हणतो, दुसऱ्याला जुगाड. मुंबईत पद्मिनी टॅक्सीची शेवटची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात झाली. वीस वर्षांची मुदत संपल्यावर, ३० ऑक्टोबर २०२३ पासून, ती रस्त्यावर नाही. तेव्हा वर्तमानपत्रांत तिची भरपूर छायाचित्रे आली. बहुतेक बाहेरून काढलेली. आतला टॉवेल कोणी टिपला असेल तर तो मला बघायचा आहे.

मूळ म्हणजे कोणते

आता कायद्याचा भाग. केंद्र सरकारने २०२१ च्या जुलैमध्ये जुन्या वाहनांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे झालेल्या दुचाकी-चारचाकींना 'व्हीए' अक्षरांचा स्वतंत्र क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये. अट अशी की वाहन मूळ स्वरूपात राखलेले असावे. सांगाडा, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार नसावा. अशी गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या कामाला वापरायची नाही; प्रदर्शन, दौड, दुरुस्ती, इंधन भरणे एवढ्यापुरतीच बाहेर काढायची. शिवाय मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम आहेच, उत्पादकाने ठरवलेल्या वैशिष्ट्यांत परस्पर बदल करू नये असे सांगणारे. या सर्वांचा हेतू योग्य आहे. बेफाम बदलांनी कितीतरी चांगल्या गाड्या वाया गेल्या आहेत.

पण 'मूळ' कशाला म्हणायचे? अण्णांचा पहिला बेत असा होता की सगळी फळी काढून नवी बसवायची, फक्त कारखान्याच्या भोकांची. गाडी १९५१ ची दिसली असती, आणि १९५८ नंतरचे सारे पुसले गेले असते. जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघाची २०१३ ची तुरिन सनद आहे. इमारतींच्या जतनाची तत्त्वे तिने मोटारींना लावली. तिच्या दृष्टीने वाहन वापरत राहणे हा जतनाचाच भाग आहे, त्याच्या आयुष्यातल्या खुणा इतिहासाचा पुरावा आहेत, आणि बदल करावाच लागला तर तो लहान असावा, नोंदलेला असावा आणि पुन्हा काढता यावा. ती वाचून दाखवली तेव्हा उस्ताद म्हणाले, "एवढं लिहायला कशाला पाहिजे? भोक पाडू नये, पट्टी लावावी."

त्यांनी तेच केले. अण्णांना पाहिजे होते ते दोन परस्परविरोधी होते. खुबा वर हवा, तर गादी उंच करावी लागते. गादी उंच केली की मांड्या चाकाला घासतात. गादी सरळ उचलून भागणार नव्हते. उस्तादांनी गादीचा मागचा भाग उंच केला आणि पुढचा काठ जवळजवळ होता तिथेच ठेवला. त्याने खुबा गुडघ्याच्या वर गेला, मांडी मात्र चाकाखाली मोकळी राहिली. आत बसकट झालेल्या जुन्या भरावाऐवजी दोन थरांचा फोम आला, खाली घट्ट आणि वर मऊ. पाठीचा कोन थोडा मागे नेला, म्हणजे धड आणि मांडी यांतला कोन उघडा राहतो. हात लांब पडू नयेत म्हणून सुकाणूच्या दांड्याची पकड सैल करून चाक दोन बोटे बाहेर घेतले. ही सोय १९५१ पासून गाडीत होतीच. पन्नास वर्षांत ती कोणी सैल केली नसावी, कारण बोल्ट सुटायला अर्धा दिवस आणि बरेच तेल लागले. डाव्या पायाला क्लचव्यतिरिक्त टेकायला जागा नव्हती, तिथे एक सुटी लाकडी पाचर ठेवली.

बैठकीच्या सरकपट्ट्यांसाठी पोलादाच्या दोन चपट्या पट्ट्या केल्या, लांब खाचांच्या. त्या फळीवर बसवल्या त्या पहिल्या आणि दुसऱ्या ओळीतल्या जुन्याच भोकांतून. म्हणजे पट्टीची मागची टोके कारखान्याच्या भोकांत, पुढची आईच्या. चार बोल्ट काढले की सगळे पूर्ववत. अण्णांची बैठक कारखान्यापेक्षा पाऊण इंच पुढे आली. तरुणपणी जितकी मागे नेली होती, त्याच्या सव्वादोन इंच पुढे. तिसरी ओळ रिकामी राहिली. ती बुजवायची का, असे उस्तादांनी विचारले. अण्णा म्हणाले, "नको. राहू दे."

काढलेला भराव, जुने बोल्ट, गादीचे मूळ चामडे हे सारे एका पत्र्याच्या पेटीत ठेवले आहे. सोबत माझी तीन पानांची नोंद : फळीचा आकार, तिन्ही ओळींची अंतरे, कोणती कोणाची आणि कशावरून, काय बदलले आणि ते कसे काढायचे. आईच्या छायाचित्राची प्रत आहे. उस्तादांनी घेतलेली अण्णांची मापेही आहेत. उस्तादांकडे अशा मापांच्या वह्या आहेत हे त्या वेळी कळले. वडिलांच्या काळातल्या दोन, स्वतःच्या सात. गाडीचा क्रमांक, खाली माणसाची मापे, नाव बहुधा नाही. मुंबईकरांच्या शरीरांची अशी नोंद दुसरीकडे असेल असे वाटत नाही. त्यांच्या परवानगीने मी त्या वह्यांची छायाचित्रे घेत आहे. दोन झाल्या आहेत.

नोंदणीच्या अर्जात अण्णांनी बैठकीचा बदल स्वतःहून लिहिला. निर्णय व्हायचा आहे. तोवर नियमित रस्त्यावर जायची घाई त्यांनी केलेली नाही. मधे एकदा, पहाटे, इंधन भरण्याच्या निमित्ताने, ते मला शेजारी बसवून निघाले. पाठ सामाईक असल्यामुळे माझीही बैठक त्यांच्याबरोबर पुढे आली होती आणि गुडघे डॅशबोर्डला टेकत होते. मी तक्रार केली नाही. खाडीपुलाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या वळणावर त्यांनी चाक वळवले तेव्हा कोपर दाराच्या त्या खोलगट कापातून बाहेर गेले आणि परत आत आले. पंपावर गाडी थांबवून त्यांनी क्लच दोनदा तळापर्यंत दाबून बघितला.

"आईला पोचला असता," ते म्हणाले, आणि पंपावरच्या मुलाला टाकी भरायला सांगितले.